वर्गातलं गटकार्य आणि मुलांच्या श्रद्धा: इंदूरच्या शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत विज्ञान शिकवते. घरी मराठी, वर्गात हिंदी-इंग्रजी आणि स्टाफरूममध्ये तिन्हींची खिचडी, अशी माझी बरीच वर्षं गेली. आपल्याकडच्या एका वर्गात मराठी, माळवी, जैन, बोहरा, सुन्नी, शीख, सिंधी, ख्रिस्ती आणि धार-झाबुआकडची भिल्ल मुलं एका रांगेत बसतात. नव्याने रुजू झालेल्या मराठी शिक्षिका आणि कधी पालकही मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत. कायद्याचा भाग जिथे आला, तिथे तो कायदा म्हणूनच सांगितला आहे.

एरवी सगळं सुरळीत असतं. गट पाडले की मगच का अडतं?

एकटं असताना मूल आपली सोय गुपचूप करून घेतं. उपास असेल तर डबा उघडत नाही, शुक्रवारी घाई असेल तर दप्तर आधीच भरून ठेवतं. गटात मात्र वेळ, जागा, साहित्य आणि गुण या चारही गोष्टी सामायिक होतात. एकाला जमलं नाही की पाच जणांचं अडतं. मग ते मूल एक तर सगळ्यांना कारण सांगत बसतं, नाही तर मुकाट्याने मन मारतं. दुसऱ्या प्रकारची मुलं पुष्कळ असतात, आणि ती आपल्या लक्षातही येत नाहीत.

गट पाडण्याआधी मुलांना त्यांच्या धर्माबद्दल विचारावं का?

धर्म विचारू नका, अडचण विचारा. सत्राच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. तिच्यावर चारच ओळी असतात: कोणत्या दिवशी किंवा वेळी तुला काम जमणार नाही, कोणत्या वस्तूला हात लावायला नको वाटतं, काय खात नाहीस, शाळेबाहेर कुठे जाऊन काम करणं घरी चालणार नाही. कारण लिहायची सक्ती नाही. चिठ्ठी घडी घालून माझ्याकडे येते आणि माझ्याकडेच राहते. यात फक्त श्रद्धेच्या गोष्टी येतात असंही नाही. कुणाची संध्याकाळची ट्यूशन असते, कुणाला धुळीची ॲलर्जी, कुणाला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. सगळं एकाच चिठ्ठीत आल्यामुळे कुणी वेगळं पडत नाही.

वर्गासमोर विचारण्याची चूक मी एकदा केली आहे. रमजान चालू होता. प्रयोगशाळेत एक मुलगी बाटलीतून पाणी पीत होती. मी अगदी सहज, आपुलकीनेच म्हटलं, "अरे, आज तुम्हारा रोज़ा नहीं है?" तिचं तोंड लालबुंद झालं. पाळीच्या दिवसांत मुली रोजा ठेवत नाहीत, नंतर भरून काढतात. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. अख्ख्या बाकाला जे कळायला नको होतं, ते माझ्यामुळे कळलं. आपल्याकडे घरातल्या पूजेला अमुक बाई का नाही, असं कुणी चारचौघांत विचारलं तर कसं वाटेल? तेव्हापासून कुणाचा उपास आहे का, हा प्रश्न मी वर्गात कधीच विचारत नाही.

विज्ञानाच्या गटात कांदा, बटाटा, अंडं आलं तर? जैन मुलं हात लावत नाहीत.

विज्ञान हा माझाच विषय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेशी दाखवायची म्हटलं की आपण कांदाच आणतो. चार जणांचा गट, एकाने कांदा कापायचा, दुसऱ्याने पापुद्रा सोडवायचा, तिसऱ्याने सॅफ्रानिनचा थेंब टाकायचा, चौथ्याने कव्हर स्लिप ठेवून सूक्ष्मदर्शक लावायचा. एका वर्षी चातुर्मासात एक मुलगी हात मागे बांधून उभी राहिली. गटातल्या मुलाने तिला सांगितलं, "तू बस लिख ले।" आणि वर्षभर ती गटाची कारकून झाली. निरीक्षणं तिची, अक्षर तिचं, पण सूक्ष्मदर्शकाला हात इतरांचा. सोय झाली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ती शिकायची राहिली होती.

या प्रयोगात शिकायचं काय आहे? पातळ पापुद्रा काढणं, रंगवणं, पेशीभित्ती ओळखणं. यात कांद्याचा काही हट्ट नाही. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा छान निघतो, आणि तो न रंगवताही दिसतो. शाळेच्या बागेत, नाही तर कुणाच्या तरी बाल्कनीच्या कुंडीत रिओ हमखास असतो. आता मी दोन्ही ठेवते आणि सगळ्या गटांना सांगते, यातलं एक निवडा. निवड सगळ्यांनाच मिळाली की ती 'जैन मुलीसाठी केलेली सोय' राहत नाही.

अंड्याचंही तसंच. नववीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानात परासरण (पातळ पडद्यातून पाण्याचं आत-बाहेर जाणं) दाखवायला अंड्याचं कवच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ते अंडं आधी पाण्यात, मग मिठाच्या दाट द्रावणात ठेवायचा उपक्रम अनेक वर्षं होता. त्याच्या पाठोपाठ मनुका किंवा जर्दाळू वापरून तीच गोष्ट करायचाही उपक्रम होता. म्हणजे पर्याय पुस्तकातच होता, आपण पान उलटत नव्हतो एवढंच. स्टार्चच्या चाचणीला बटाट्याऐवजी भाताची पेज घ्या, आयोडीन तितकंच काळंनिळं होतं.

एक सावधगिरी. 'जैन आहे म्हणजे कांद्याला हात लावणार नाही' असं आपणच ठरवून टाकू नका. कित्येक जैन मुलं कांदा खात नाहीत, पण प्रयोगासाठी बिनधास्त कापतात. काही वर्षभर खातात आणि पर्युषणात सोडतात. चिठ्ठीत काय लिहिलं आहे ते पाहा, आडनाव पाहू नका.

रमजानात गटाचं वेळापत्रक कसं लावावं?

आधी एक हिशोब. हिजरी वर्ष चांद्र असतं आणि आपल्यासारखा अधिक मास त्यात नाही, म्हणून रमजान दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ मध्ये रोजे जूनच्या मध्याला सुरू झाले होते, म्हणजे शाळा उघडता उघडता. आता ते फेब्रुवारीत आले आहेत, ऐन वार्षिक परीक्षा आणि प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखांवर. जुन्या मॅडमना 'आमच्या वेळी कधी अडचण आली नाही' असं वाटतं, त्याचं कारण बरंचसं हेच आहे.

इंदूरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दाऊदी बोहरा समाज गणिताने बांधलेली दिनदर्शिका पाळतो, चंद्रदर्शनाची वाट पाहत नाही. त्यामुळे त्यांचे रोजे बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात आणि ईदही आधी येते. एकाच गटात एक बोहरा मुलगा आणि एक सुन्नी मुलगी असेल तर दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या असतील. 'ईद तो कल है, तू आज कैसे नहीं आया?' हा प्रश्न मी शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तोही खोटं पकडल्याच्या आवेशात.

मोहर्रमचंही तसंच. त्या दिवसांत बोहरा कुटुंबं रोज सकाळी प्रवचनाला जातात आणि मुलंही सोबत असतात. २०१८ मध्ये सय्यदना साहेबांची, म्हणजे बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची, ही प्रवचनं इंदुरातच झाली. तेव्हा देशविदेशातून माणसं आली होती आणि पंतप्रधानही येऊन गेले होते. त्या वर्षी ज्यांच्या वर्गात बोहरा मुलं होती, त्या सगळ्यांना गटाच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. आता मोहर्रम जून-जुलैकडे सरकला आहे. सत्राचा पहिला प्रोजेक्ट तेव्हा नका देऊ, एवढंच.

प्रत्यक्षात मी काय करते? डोकं लागेल असं काम सकाळच्या तासांना ठेवते. सहाव्या-सातव्या तासाला रोजेदार मुलांना मैदानावर सर्वेक्षणाला पळवत नाही. संध्याकाळचे ऑनलाइन गट-कॉल इफ्तारच्या वेळी नकोत, हे तर उघडच आहे. पण त्यांना कामातून वगळतही नाही. "बेटा, तू रहने दे, तेरा रोज़ा है" हे वाक्य ऐकायला प्रेमळ असतं, पण महिनाभर ऐकणारं मूल मागे पडतं. बहुतेक मुलांना रोजा ठेवून काम करण्याचा अभिमानच असतो.

शुक्रवारची नमाज, जैन मुलांचं सूर्यास्ताआधीचं जेवण, रविवारचं चर्च: इतकं सगळं कसं सांभाळणार?

दिसतं तितकं अवघड नाही. जुम्म्याची नमाज इंदुरात दुपारी एक-दोनच्या सुमारास होते, म्हणून सादरीकरण शुक्रवारी त्या वेळी लावू नका. चौविहार पाळणारी मुलं सूर्यास्तानंतर खात-पीत नाहीत आणि डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा शाळेनंतरचं गटकाम पाचला संपवा म्हणजे ते घरी पोचून जेवतील. आणि रविवारी सकाळी 'सब फ्री होते हैं' हा समज सोडा. ख्रिस्ती मुलं तेव्हा फ्री नसतात.

गटाची मुलं कुणाच्या तरी घरी जमतात. 'तिच्या घरी मटण शिजतं, आमची मुलगी जाणार नाही' असं पालक म्हणाले तर?

हा फोन मला सगळ्यात जास्त आपल्याच लोकांकडून येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. एका बाईंचा फोन आला होता. "अहो मॅडम, आमच्याकडे श्रावण पाळतात. मुलीला तिथे पाठवायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. मी विचारलं, "भाद्रपदात पाठवाल?" त्या गप्प झाल्या.

श्रावण पाळणं ही श्रद्धा झाली आणि तिची सोय करायला मी बांधलेली आहे. त्या घरात पाऊलच टाकायचं नाही, हा वेगळा मामला आहे. पण फोनवर वाद घालून कुणाचं मन बदलत नाही, हेही मी शिकले आहे. म्हणून आमच्या वर्गात नियमच केला: गटाचं काम कुणाच्याही घरी होणार नाही. शाळेची लायब्ररी, शाळा सुटल्यावरचा एक तास, किंवा फोनवरचा कॉल. यामुळे त्या आईची सोय झाली. बारा बाय दहाच्या खोलीत सहा जणांचं कुटुंब राहतं आणि वर्गमित्रांना घरी बोलवायची ज्या मुलाला लाज वाटते, त्याचीही झाली. आणि ज्या मुलीच्या घरी कुणी येत नाही हे वर्गाला कळून चुकलं होतं, तिचीही झाली.

आता यात एक रुखरुख आहे. एकमेकांच्या घरी गेल्याशिवाय ओळख होत नाही, हेही खरं. माझ्या लहानपणी मी मैत्रिणीकडे शीरखुर्मा खायला जात असे आणि ती आमच्याकडे पुरणपोळीला येत असे. शाळेच्या नियमाने ती ओळख होणार नाही. पण गुणांच्या दडपणाखाली करायची ती गोष्टही नव्हे.

'मी त्याच्याबरोबर एका गटात बसणार नाही' असं मूल म्हणालं तर?

इथे सोय नाही. वस्तू बदलता येते, वेळ बदलते, जागा बदलते, माणूस बदलत नाही. जोडीदाराचा धर्म किंवा जात हे गट बदलायचं कारण होऊच शकत नाही. सोवळ्याच्या नावाखाली आपल्या घरांतून हे पिढ्यान् पिढ्या चाललं, त्यामुळे मी याबाबत जरा कडकच आहे. जातीच्या बाबतीत तर संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्दच केली आहे, तेव्हा तिथे चर्चेलाही जागा उरत नाही.

मात्र तपास करा. कधी कधी 'त्याच्याबरोबर नको' याचा अर्थ निराळा निघतो. आठवीतल्या एका सरदार मुलाने गट बदलून मागितला तेव्हा मी आधी रागावले. नंतर कळलं की गटातली दोन मुलं त्याच्या पटक्याला हात लावून 'इसमें क्या रखा है' करत होती. श्रद्धेचा आदर तोच मागत होता, मी उगाच त्याच्यावर ओरडले. त्याचा गट मी बदलला नाही. त्या दोघांना मात्र वेगवेगळ्या गटांत पाठवलं.

मुला-मुलींचा एकत्र गट काही पालकांना चालत नाही.

सहावीनंतर हे येतं, आणि फक्त मुसलमान घरांतूनच येतं असं समजू नका. जैन, राजपूत, आपल्याकडचीही घरं असतात. माझा मार्ग मधला आहे: गटात एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा ठेवत नाही. दोन-दोन असले की बहुतेक तक्रारी विरतात. नाचासारख्या, हातात हात धरायच्या गोष्टींत नकार मिळाला तर तो मी निमूट मान्य करते आणि त्या मुलीला निवेदन किंवा ताल सांभाळायला देते. चर्चा किंवा प्रयोग यांत मात्र एकत्रच बसायचं.

गणपती, सरस्वतीपूजन, नाटकात देवाची भूमिका: इथे सगळ्यांनी भाग घ्यायलाच हवा का?

नाही. पण थोडं खोलात जाऊ.

दर भाद्रपदाआधी शाळांमधून मातीचे गणपती करण्याची कार्यशाळा होते. चार जणांचा गट, मध्ये मातीचा गोळा. आपल्याला वाटतं, ही तर हस्तकला! पण जे मूल मूर्ती मानत नाही, त्याच्यासाठी ती नुसती हस्तकला नाही. आणि खरं सांगा, आपल्यासाठी तरी ती नुसती हस्तकला आहे का? चुकून सोंड तुटली तर आपला जीव कसा होतो! एका वर्षी एक मुलगा मातीला हात न लावता बसला होता. बाकीचे त्याला चिडवत नव्हते, पण काय करावं ते त्यांनाही सुचत नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "मॅम, पाट मैं बना दूँ?" त्याने असा गुळगुळीत पाट थापला, कडेला वेलबुट्टी कोरली, की इतर गटांची मुलं ती बघायला आली. त्या पाटावर त्या गटाचा गणपती बसला. यंदा मी कार्यशाळेचं नावच बदललं, 'मातीकाम'. गणपती करा, पणती करा, बैल करा. बहुतेकांनी गणपतीच केला.

नाटकात अल्लाह, पैगंबर, येशू, तीर्थंकर, गुरू यांच्या भूमिका मुलांना देऊच नका. पैगंबरांचं आणि गुरूंचं सोंग घेणं त्या त्या समाजात अनादर मानतात. राम-कृष्णाचं सोंग आपल्याकडे कौतुकाचं असतं म्हणून ते सगळ्यांना चालेल असं नाही. चित्र काढण्याबाबतही काही घरांत माणसा-प्राण्यांचं चित्र नको म्हणतात. त्या मुलाला गटाच्या तक्त्यावरची अक्षरं, नकाशा, भौमितिक नक्षी द्या.

दीपप्रज्वलन, टिळा, प्रार्थना यांबद्दल संविधानाचा अनुच्छेद २८(३) सरळ आहे: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मिशनच्या शाळेतल्या आपल्या मुलांनाही हाच अनुच्छेद लागू होतो, हे मराठी पालक मला आवर्जून सांगतात. दुसरी बाजू सांगितली की तेवढंसं आवडत नाही.

कायदा आणखी काय म्हणतो? शाळा नाही म्हणाली तर?

अनुच्छेद २५ सगळ्यांना सद्सद्विवेकाचं आणि धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क यांच्या मर्यादेत. म्हणजे प्रयोगशाळेत ज्वाला पेटलेली असताना सैल ओढणी बांधून घे, असं सांगणं धर्मविरोधी नाही, ती सुरक्षितता आहे.

सगळ्यात उपयोगी पडतो तो १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला. केरळातली तीन भावंडं यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गटकार्याच्या दृष्टीने मला यातला बारकावा महत्त्वाचा वाटतो. मुलं उठून निघून गेली नव्हती. ती उभी होती, रांगेतच होती, एक कृती तेवढी करत नव्हती. आपल्या वर्गातल्या बहुतेक अडचणी याच घाटाच्या असतात.

पोशाखाचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. हिजाबवर २०२२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं ठरलं. गणवेशाचा वाद गटकार्यात ओढू नका, तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहू द्या.

धर्मांची माहिती देणं आणि धर्म शिकवणं यांत न्यायालयाने फरक केला आहे, अरुणा रॉय खटल्यात, २००२ मध्ये. म्हणून 'आपल्या शहरातली प्रार्थनास्थळं' असा गट-प्रोजेक्ट देता येतो. काच मंदिर, खजराना गणेश आणि जवळचा नाहरशाह वलींचा दर्गा, गुरुद्वारा, चर्च, सगळं त्यात येऊ द्या. कुणाला आत जायचं नसेल तर बाहेरून वास्तूचं रेखाटन, येणाऱ्यांशी बोलणं, हेही काम तितक्याच गुणांचं.

गुणांचं काय? एकाला वेगळं काम दिलं तर इतर 'अन्याय' म्हणतात.

कधी कधी बरोबरच म्हणतात. सीबीएसईच्या दहावीत मुख्य विषयांचे प्रत्येकी २० गुण शाळेच्या हातात असतात. तिथे एकाला सोपं काम दिलं की इतरांना डाचणारच. कसोटी एकच: पर्यायी कामात तेवढाच वेळ, तेवढंच डोकं लागतं का? पाट बनवणाऱ्याला तक्ता चिकटवायला सांगितलं असतं तर ती सोय नव्हे, हकालपट्टी झाली असती. मी गटाचे गुण आणि प्रत्येकाचे गुण वेगळे ठेवते. गट सादर करतो, नंतर प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारते. ज्याने मनुका भिजवल्या त्यालाही परासरण समजावता आलं पाहिजे.

श्रद्धेच्या नावाखाली मूल काम टाळत असेल तर?

टाळतं कधी कधी. आपणही एकादशीचं निमित्त करून काय काय टाळलेलं आहे! पण शास्त्रार्थ करू नका. 'तुम्हारे धर्म में ऐसा कहाँ लिखा है?' विचारणारा शिक्षक अख्खा वर्ग गमावून बसतो. मी फक्त बदली काम लगेच हातात देते, तेवढंच मोठं. खरी अडचण असेल तर मूल सुटकेचा श्वास सोडून कामाला लागतं. निमित्त असेल तर दुसऱ्या दिवशी श्रद्धा सैल होते.

भगोरियाचं उदाहरण इथेच देते. होळीच्या आधीचा आठवडा झाबुआ, आलीराजपूर, धारकडे भगोरियाचे हाट भरतात आणि वसतिगृहातली भिल्ल मुलं गावी जातात. 'ये तो मेला है, धर्म थोड़े ही है' असं सहकारी म्हणतात. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर असतो, तेव्हा हा बारीक हिशोब कुणी मांडत नाही. रंगपंचमीच्या गेरबद्दल, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीबद्दल, तर बोलायलाच नको.

त्या मुलाने आपल्या धर्माबद्दल गटाला माहिती द्यावी, म्हणजे समज वाढेल. हे ठीक?

त्याला हवं असेल तरच. बारा वर्षांच्या मुलाला अख्ख्या समाजाचा वकील करू नका. 'तुम लोग ऐसा क्यों करते हो?' याचं उत्तर त्याच्याकडे असेलच असं नाही. आणि 'तुम लोग' हा शब्द तर गटात वर्ज्यच ठेवा.

घरचे एक म्हणतात, मूल दुसरं. कुणाचं ऐकावं?

एका दहावीच्या मुलाने मला सांगितलं होतं, "मॅम, घर पे मत बताना, मुझे अंडे वाला एक्सपेरिमेंट ही करना है।" मी त्याला थांबवलं नाही आणि घरी कळवलंही नाही. लहान वर्गात मी पालकांचं जास्त ऐकते, मोठ्या वर्गात मुलाचं. नेमकी रेघ कुठे, ते प्रत्येक मुलापाशी वेगळं ठरतं.

मिसळलेले गट करावेत, की आपापले असले तर बरं?

मिसळलेलेच. पण नुसतं शेजारी बसवून काही होत नाही. अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत १९७१ मध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. तेव्हा एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने 'जिगसॉ' पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि इतरांकडून ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. मुलं एकमेकांना चिडवायची थांबली, कारण ज्याला चिडवायचं त्याच्याकडेच उत्तर होतं.

मी हे होळकरांच्या इंदूरवर केलं. एकाकडे राजवाडा, एकाकडे कापडगिरण्या, एकाकडे होळकरांचा सरकारी ताजिया (मोहर्रमचा ताबूत), एकाकडे गिरणीमालक सेठ हुकुमचंद. मुद्दाम उलटंपालटं वाटलं. ताजियाचा तुकडा एका मराठी मुलीकडे गेला आणि तिने तो मन लावून वाचला. होळकर संस्थानाचा ताजिया निघत असे, हे तिच्या घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रोजेक्ट संपल्यावर गटाला खाऊ द्यायचा आहे. काय द्यावं?

केक आणू नका, अंड्याचा प्रश्न येतो. जिलेटिनच्या जेलीही नकोत. रमजानात खाऊ ईदनंतरवर ढकला आणि पर्युषणात संवत्सरी, म्हणजे शेवटचा दिवस, होऊन जाऊ द्या.

एरवी पोहे. पण आपल्या घरचे कांदेपोहे नकोत, त्यात कांदा फोडणीतच पडतो आणि मग वेगळा काढता येत नाही. इंदुरी पोहे वाफेवर फुलवतात आणि कांदा वरून घालतात. पोह्यांचं पातेलं मधे ठेवा, आणि कांदा, शेव, जिरावन मसाला, डाळिंबाचे दाणे वेगवेगळ्या वाट्यांत. प्रत्येकाने आपापलं वाढून घ्यायचं. शेव आणताना पुडा नीट वाचा. लसणाची आणलीत तर पुन्हा दुकानात जावं लागेल. लवंगेची आणा.